तेवीसशेची दिशा

भोसरीतल्या एका खोलीत, रविवारी सकाळी, निर्मलानं पोळ्यांची परात बाजूला सारली आणि लेकीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर पुन्हा आकडे मांडले. गोरक्षाचे कंपनीतले सतरा हजार, तिचे डब्यांच्या पोळ्यांचे चार. घरमालकानं एक तारखेपासून भाडं सातशेनं वाढवलं होतं. भिशी सोडली, चहा एक वेळ केला, गोरक्षानं तंबाखू सोडल्याची शपथ घेतली. ती किती खरी, हे तिला ठाऊक होतं. कितीही चिमटे काढले तरी अठराशे कमीच.

राहता राहिली लेक, दिशा. फी, व्हॅन आणि दूध मिळून तेवीसशे. तिला गावी, आण्याला, आजी-आजोबांकडे ठेवलं, तर भागत होतं. नऊ वर्षांची पोर. रात्री आईच्या पदराचं टोक मुठीत धरल्याशिवाय झोपत नसे.

तेवढ्यात आण्याहून सासरे, राघूमामा, आलेच. त्यांनी बाजरीचं गाठोडं दारात टेकवलं. गोरक्ष रात्रपाळी करून भिंतीकडे तोंड करून निजला होता.

"उठवू नगं त्याला. तुलाच सांगायचं हाय," ते म्हणाले. "मेंढरं इकली."

"सगळी?"

"अकराच व्हती. बिबट्यानं तीन नेली, ऱ्हायलेल्यांमागं माझं गुडघं नेईनात." मग ते खुलले. "म्हातारीचा नि माझा इचार झालाय. आमीच हितं येतो. ती पोरीला शाळंत सोडील, व्हॅनचं पैसं वाचतील. मी कुठं वॉचमन म्हणून बसंन. कसं? आमाला बी हिशेब येतो, पोरी!"

निर्मलानं वही पालथी घातली. पण बोलणं भाग होतं.

"मामा, आम्ही दिशालाच तिकडं पाठवणार होतो."

राघूमामा बराच वेळ गाठोड्याची गाठ चाचपत बसले. तिच्या हिशेबाला आण्याचा आधार होता, आणि आण्याच्या हिशेबाला तिचा.

"ठीक हाय," ते अखेर म्हणाले. "आमी तिथंच ऱ्हातो. घिऊन जातो तिला."

"तिच्या खाण्यापिण्याचं?"

"मेंढरं असती तर इचारलं नसतं, बाय. आता म्हैन्याला हजार तरी धाडावं लागंल."

तिनं वही सुलटी करून अठराशेवर बोट ठेवलं आणि त्यांच्यादेखत वजाबाकी मांडली. पोर जाऊनही पाचशे कमीच पडत होते.

"मग ठेवू का तिला इथंच?" तिनं विचारलं.

भिंतीकडच्या गोरक्षानं कूस बदलली नाही. तो जागा होता.

"हितं अठराशे कमी, तिथं पाचशे," सासरे हळू बोलले. "कुठल्या भोकाला ठिगळ लावशील, सांग."

दिशा दाराआड उभी होती. "आबा, तुमचं तिकीट किती?"

"मला एष्टी फुकट. तुझं अर्धं."

निर्मलानं पोळपाट पुढं ओढला. वाटेत खायला पोळ्या लागणार होत्या.