सासऱ्याच्या नावाचं कुरण

बुर्माकानने रुमाल कपाळावर ओढला आणि गुडघा धरत ती गावसभेसाठी शाळेत मांडलेल्या बुटक्या बाकावरून उठली.

"बाळा, त्या नियमात... ते कुरण तेवढं बंद करू नका."

जिल्ह्याहून कुरणांच्या नियमांचा मसुदा घेऊन आलेल्या एर्मेकने नकाशावरून मान वर केली. "कुठलं, आपा? तीन बंद करायचीत. गवत मरायला टेकलंय. उन्हाळाभर गुरं डोंगरावरच्या चराईला, जायलूला न्यायची."

न्यायला तिच्याकडे घोडा नव्हता, गुडघे नव्हते. होती एकच गाय. नियम झाला तर तुला विकावं लागेल, हे सकाळी धार काढताना तिने गायीलाच सांगून टाकलं होतं.

"ते... आमच्या थोरल्यांचं."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. कुरण तिच्या सासऱ्याच्या नावाचं. सासरा मातीआड होऊन कितीतरी हिवाळे लोटले, पण सुनेच्या ओठांवर ते नाव कधी आलं नव्हतं.

"सादिरबेक कुरण म्हणतेय ती," जुमाबाय आजोबा पांढरी दाढी कुरवाळत म्हणाले. "लोक जित्या सासऱ्याला भीत नाहीत, ही मेलेल्याला भिते!"

एर्मेकने मान हलवली. "ते सगळं नाही उघडं ठेवता येणार."

"सगळं कुठं मागतेय? पांढऱ्या दगडाखालून झरा निघतो ना, तिथून खाली, पॉपलरच्या झाडांपर्यंत. पाणी मुरतं तिथं. खाल्लेलं गवत पुन्हा वर येतं. आम्हा म्हाताऱ्यांच्या गाई तिथंच तर असतात."

"माझीपण!" खिडकीजवळून एकजण ओरडली.

एर्मेकचं बोट नकाशावर सरकत गेलं आणि थांबलं. कुरणाची आख्खी टेकडी त्याने एकाच नावाखाली रंगवली होती. हा ओला पट्टा त्यात जेमतेम नखाएवढा. त्याने तो कडेने आखून घेतला.

"घरटी एक दुभती गाय. असं बदलून मंजुरीला पाठवतो. चालेल?"

"माझ्या बोकडाचं काय?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

"धार काढून दाखव, मग बोलू!"

हसण्यातच एर्मेकने विचारलं, "पट्ट्याला नाव काय घालू?"

"बुर्माकानचंच घाल," आजोबा म्हणाले. "मॉस्कोला कामाला गेलेला हिचा पोरगा येईल, लग्न करेल. मग कुरणाचं नाव घेताना हिच्या सुनेची पंचाईत बघू!"

बुर्माकानने रुमालात तोंड लपवलं. खांदे मात्र हसण्याने गदगदत होते. आजोबांनी दुआसाठी तळवे उघडले, तसे सगळ्यांनी उघडले. सगळे नियमासाठी आमीन म्हणाले. तिने त्याच आमीनमध्ये हळूच एक सूनही मागून घेतली.