पडणारा

“काका, सरांनी मनगट पिरगळायच्या आधीच तुम्ही पडलात,” पुढच्या रांगेतली नर्स म्हणाली.

मॅटवर उताणा झालेल्या त्या माणसाला क्लासमधली पोरं ‘पडेल’ म्हणत. त्याचं कामच ते होतं. सर डाव दाखवणार, हा आपटणार. दारावरची पाटी फॅशनप्रमाणे बदलायची, आपटणारा तोच. कराटेच्या दिवसांत ठोसा पोटाला लागण्याआधी तो कळवळला. ज्युदोची पाटी लागली तेव्हा सरांच्या कमरेवरून उडाला. सरांची कंबर धरू नये म्हणून उडीही त्यानेच मारली. मुए थाय आलं, तर गुडघा बरगडीपासून वीतभर लांब असतानाच दुमडला. ऐकिडोत नुसता हात लागला की कोलांटी. या सगळ्या विद्या खऱ्या. कुठे कुठे माणसांनी त्यांच्यापायी हाडं झिजवली. खोटे होते ते सर, आणि त्यांना टाळ्या मिळवून देणारा हा.

आज हॉस्पिटलच्या नर्सना एका दुपारात स्वसंरक्षण शिकवायचं होतं. कारण ही पुढच्या रांगेतलीच. एका रुग्णाच्या भावाने रात्रपाळीत तिचा गळा धरला होता. बोटांचे वळ अजून पिवळे दिसत होते, आणि आजपासून पुन्हा तिची रात्रपाळी होती.

सर हसले. मनात विश्वास नसेल तर कुठलाच डाव चालत नाही, असं काहीतरी त्यांनी ऐकवलं. बायकांपैकी कुणी हसलं नाही. मग त्यांनी मनगट पुढे केलं आणि पडेलला डोळ्याने खुणावलं.

पडेलने मनगट धरलं. सरांनी त्याचा हात पिरगळला. तो उभाच.

सरांनी पुन्हा, दात खाऊन जोर लावला. तो उभाच. मागे कुणीतरी खोकलं. सर त्याच्या कानाशी आले. “पड. मागच्या खोलीत फुकट राहतोस, विसरलास का?”

विसरेल कसा. एक खाट, एक स्टोव्ह, पाय ताणले की भिंत. पण दुसरं छप्पर त्याला नव्हतं. आणि उतरत्या वयात, कंबर कामातून गेलेल्या माणसाला कोण दारात उभं करणार होतं?

“नाही पडत,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “लागतच नाही तर पडू कशाला? या सिस्टर तुमच्या भरवशावर आज ड्युटीला जातील. तिथला माणूस पगार घेऊन पडणारा नाही.”

सरांनी त्याच्या कानाखाली वाजवली.

पडेलने गाल चोळला. “ही लागली. ही शिकवा त्यांना.”

मग मात्र बायका हसल्या. सरांनी त्याला संध्याकाळच्या आत खोली रिकामी करायला सांगितलं, दिवे, पंखे बंद केले आणि दार आपटून गेले. खिडकीतून येईल तेवढा उजेड उरला. ती नर्स जागची हलली नव्हती, तिच्या मागच्या बायकाही.

“मग करायचं काय, काका?”

त्याने सांगितलं. ज्युदोवाला गळ्याशी हात आला की आधी हनुवटी छातीला लावतो, ते उचला. मुए थायवाला कोपर मारतो, ते उचला. मधे गळा धरणाऱ्याची करंगळी धरून उलटी वाकवा. जिंकत बसायचं नाही. सुटलात की ओरडत पळा.

तिने त्याला गळा धरायला सांगितलं. त्याने हलकेच धरला.

“लाडात नको. त्याने धरला होता तसा धरा.”

त्याने धरला. तिचा चेहरा पांढरा पडला, क्षणभर ती तिथे नव्हतीच. मग हनुवटी खाली गेली, करंगळी मोडल्यासारखी वाजली आणि कोपर थेट नाकावर आलं. तो मॅट सोडून फरशीवर बसला.

ती घाबरून वाकली, रुमाल काढू लागली. त्याने मान हलवली, बाहीने नाक दाबून धरलं, आणि दुसऱ्या हाताने तिच्या मागच्या बाईला पुढे बोलावलं.