सरहद्दीवरचा गहवा

स्टॅनलीला दुबईत बावीस वर्षं झाली होती, त्याचा मेव्हणा व्हिवियन येऊन जेमतेम दोन. तरी काही विचारायचं झालं की स्टॅनलीची अकरा वर्षांची मुलगी केली हल्ली मामाकडे धावायची. ते स्टॅनलीला सहनच होत नसे.

सुट्टीत तिघं गाडीने ओमानला निघाले, तर सरहद्दीवर हत्ताच्या नाक्यावर ढोल वाजत होते. ओमानचा राष्ट्रीय दिन होता. इकडचे अधिकारी तिकडच्या लोकांना फुलं देत होते, काठ्या घेतलेले पुरुष रांगेत डोलत होते. "यल्ला, आओ, बैठो!" म्हणत त्यांनी सगळ्याच प्रवाशांना सतरंजीवर बसवलं.

व्हिवियन बसल्या बसल्या अरबीत गप्पा मारू लागला.

"पप्पा, मामा स्पीक्स अ‍ॅरेबिक!"

स्टॅनलीच्या पोटात दुखलं. दुबईच्या देरा भागातल्या शिपिंग ऑफिसात त्याचं सगळं हिंदीवर भागलं होतं, आणि कुणा अरबाने त्याला कधी घरी बोलावलं नव्हतं.

पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा लांब चोचीच्या किटलीतून इवल्याशा पेल्यांत गहवा, म्हणजे अरबांची कोरी कॉफी, ओतत होता. स्टॅनलीने पेला रिकामा केला की तो पुन्हा भरी. नको म्हटलं तर बरं दिसणार नाही, म्हणून स्टॅनली ते कडूजहर पीत राहिला. सात पेले झाले. व्हिवियनने मात्र दुसऱ्यानंतर पेला बोटांत जरासा हलवला आणि म्हातारा निमूट पुढे सरकला.

"पप्पा, यू हॅव टू शेक इट!" केली खिदळली.

"काय दाजी, बावीस वर्षांत एवढंही ठाऊक नाही?" व्हिवियनही हसला.

स्टॅनलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हाताऱ्याने ते पाहिलं. किटली घेऊन तो त्याच्याशेजारी टेकला.

"बेटी, तेरा बाबा सही है. मेरा वालिद ऐसेही पीता था, किटली खलास होने तक. मामा को जल्दी है."

"रियली, पप्पा?" केली बापाकडे नव्याने बघू लागली. म्हातारा आपली लाज राखायला धडधडीत खोटं बोलतोय, हे स्टॅनलीला कळत होतं. पण व्हिवियनचं तोंड एवढंसं झालेलं पाहून त्याला काय गार वाटलं! एवढ्यावर थांबला असता तर तो स्टॅनली कसला?

"देखा?" म्हाताऱ्यालाही कळावं म्हणून तो मुद्दाम हिंदीत म्हणाला. "तेरे मामा को अभी बहुत सीखना है. खाली बडबड करता है."

म्हाताऱ्याने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. मग तो उठला, व्हिवियनजवळ जाऊन बसला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याच्यासाठी नवा पेला भरू लागला.

केलीही उठली आणि मामाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसली.