त्शेम्बावांचा मूळपुरुष

शनिवारी सकाळी लेओकादिया त्शेम्बावा स्वतःच्या थडग्यावरचं शेवाळ घासत बसली होती, तेव्हा तिच्यासाठी रडायला एक अख्खी बस भरून माणसं आली.

थडगं तिचं असलं तरी त्यातली तिची जागा अजून रिकामी होती. शेजारच्या जागेत तिची धाकटी बहीण गेनोवेफा, लाडानं गेनिया, निजली होती. दोघींनी लग्न केलं नाही, जन्मभर एका घरात राहिल्या, एकाच चुलीवर भांडल्या, आणि आपण एकाच दगडाखाली जायचं हे ठरवून टाकलं. मागे कोणी उरणार नाही आणि दगड कोरणाऱ्याला पुन्हा बोलवायला माणूस नाही, म्हणून गेनोवेफा गेली तेव्हाच लेओकादियानं आपलंही नाव आणि जन्मसाल कोरून घेतलं. पुढची जागा मोकळी सोडली. आमच्या झाविल्चे गावात असं सगळेच करतात. देवळातली मिस्सा संपली की बायका आपापल्या नावावरून फडकं फिरवतात आणि घरी जाऊन बटाटे सोलतात. कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

पण बसमधून उतरलेली मंडळी झाविल्च्यातली नव्हती. ती जगभरातली त्शेम्बावा मंडळी होती. कुलसंमेलनाला आली होती. सगळ्यांच्या अंगात एकसारखे पांढरे बनियन, त्यावर ढाल, ढालीवर रानडुकराचं डोकं. पुढे शिकागोचा चेस्टर, कुलमंडळाचा अध्यक्ष. वय साठीच्या पुढे, दात मात्र विशीतले. आजीकडून शिकलेली पोलिश तो बोलायचा, त्यामुळे या माणसानं तोंड उघडलं की आपली खापरपणजी बोलतेय असं वाटायचं. आडनाव त्याला स्वतःला नीट म्हणता येत नव्हतं. तो 'ट्रेंबला' म्हणायचा. ब्राझीलवाले 'त्रेंबाला' म्हणायचे. ऑस्ट्रेलियाहून आलेला एकजण काहीच म्हणायचा नाही, बनियनकडे बोट दाखवायचा.

"बाई, जरा बाजूला होता का? फोटोत बादली येतेय," चेस्टर तिला म्हणाला.

लेओकादिया बादली घेऊन बाजूला झाली.

"बंधुभगिनींनो," चेस्टरनं घसा खाकरला, "हे आपल्या कुळाचं मायभूमीतलं अखेरचं स्थान. आणि ही लेओकादिया. आपल्या नावाची पोलंडमधली अखेरची ज्योत. मृत्यूचं साल काळानं पुसून टाकलं आहे, पाहा."

काळानं काही पुसलं नव्हतं. पण कुरितिबाहून आलेल्या इव्होनेतेबाईंना हुंदका आवरेना. त्या दगडाला कवटाळून म्हणाल्या, "किती एकटी गेली असेल बिचारी! आम्ही असतो तर तिला असं जाऊ दिलं असतं का?"

आता कोणीही विचारेल, ही बया गप्प का राहिली? तर खरं सांगायचं म्हणजे तिला ऐकायला बरं वाटत होतं. उभ्या आयुष्यात तिच्याबद्दल कोणी एवढं चांगलं बोललं नव्हतं. 'अखेरची ज्योत' म्हटल्यावर तिचे कान गरम झाले. आणखी काय काय म्हणतात ते ऐकावं म्हणून ती बादली धरून तशीच उभी राहिली, आणि त्या लोभापायी तिनं पुढचंही ऐकलं.

"सोमवारी हा दगड निघेल," चेस्टर म्हणाला. "इथे काळ्या ग्रॅनाइटचं स्मारक उभं राहील. आपला मूळपुरुष सरदार त्शेम्बावा, घोड्यावर, हाती भाला. व्हिएन्नाच्या वेढ्यात ज्यानं तुर्कांना पाणी पाजलं, तोच. सभोवती साखळी लावू. यापुढे इथे कोणालाही पुरलं जाणार नाही."

टाळ्या झाल्या.  लेओकादिया बादली तिथेच टाकून तडक फादर दमियानच्या घरी गेली.

फादर नाश्ता करत होते. तिला पाहून त्यांनी तोंडातला घास जरा जास्तच वेळ चावला.

"अहो, मी आज तुमच्याकडे येणारच होतो, लेओकादियाबाई. जेवण झाल्यावर. जागेचा हक्क तुमच्या नावावर आहे ना, तेव्हा एक सही लागेल. साधी गोष्ट आहे."

"फादर, त्यांना सांगितलंत का, मी जिवंत आहे म्हणून?"

"त्यांनी विचारलंच नाही. विरोध करणारं कोणी आहे का, एवढं विचारलं. मी म्हटलं, नाही. तुम्ही कधी कशाला विरोध केलाय, सांगा बरं?"

हे मात्र खरं होतं. वेदीवरची वस्त्रं इस्त्री करण्यात तिनं उमर घालवली होती, आणि फादर बदलले तरी तिची मान कायम होकारार्थी हलत राहिली होती.

"मग मी कुठे जाऊ?"

"कुंपणाजवळ छान जागा देतो की. सावलीची."

"सावली घेऊन मी तिथे करू काय, फादर? गेनिया इथे, मी कुंपणाला. रात्री बोलायचं झालं तर ओरडायचं का?"

फादर हसले नाहीत. त्यांनी बोट वर केलं. बोट छताकडे नव्हतं, देवळाकडे होतं. "छपराचे पत्रे गळतायत. अमेरिकेतली मंडळी नवं छप्पर घालून देतायत. तुम्ही नाही म्हणालात तर मी काही बळजबरी करणार नाही. फक्त पाऊस पडला आणि लोकांच्या डोक्यावर ठिबकलं, की लोक विचारतील, छप्पर कोणापायी राहिलं? मग मला खोटं बोलता येणार नाही."

गोड बोलून गळा आवळणं ही एक कला आहे, आणि फादरना ती शिकवावी लागत नव्हती. लेओकादिया उठली. नाही म्हणावं तर गावानं वाळीत टाकलं असतं. हो म्हणावं तर गेनोवेफाला काय तोंड दाखवायचं? तिला वाटलं, आता खरंच मरून जावं, पण मरून तरी कुठे जाणार, जागाच गेलेली.

दुपारचं जेवण अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये होतं. स्वयंपाक गावच्या महिला मंडळाकडे, आणि मंडळात लेओकादिया, म्हणजे आपल्याच कुळाच्या जेवणाचे बटाटे सोलायला तीच. फेलिच्या नावाची तिची मैत्रीण, जी तिला लोजा म्हणायची, कोंबडीच्या सूपवरचा फेस काढत होती. सगळी हकिकत ऐकून ती झारा आपटून म्हणाली, "अगं लोजा, मग जा ना बाहेर आणि सांग, मी आहे अजून! गप्प बसून बसून तर तुला जिवंतपणी पुरली त्यांनी."

"आणि छप्पर?"

"छप्पर गेलं खड्ड्यात."

"मी खड्ड्यात जायलाच तर भांडतेय."

फेलिच्या हसता हसता रडकुंडीला आली. तेवढ्यात हॉलमध्ये टाळ्या वाजल्या, म्हणून दोघींनी दारातून डोकावलं. भिंतीवर जगाचा भला मोठा नकाशा लावला होता. चेस्टर हातात काठी घेऊन आपलं आडनाव जगात कुठे कुठे पसरलंय ते दाखवत होता. ब्राझीलमध्ये दोनशेच्या वर. अमेरिकेत शंभराला थोडे कमी. अर्जेंटिना, कॅनडा, ऑस्ट्रेलिया. न्यूझीलंडमध्येही एक, पण त्यानं बायकोचं आडनाव लावलंय म्हणून त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह. आणि मधोमध पोलंड, तांबड्या रंगात. त्यावर शून्य.

"जिथे उगम झाला तिथेच झरा आटला," चेस्टर शून्यावर काठी टेकवून म्हणाला. "का बरं आपले पूर्वज सारं सोडून सातासमुद्रापार गेले असतील? तर सरदारांचं रक्त! परक्या राजाची चाकरी त्यांना मानवली नाही."

त्याच्यामागे कुळाचा झेंडा लटकत होता. लेओकादियानं त्या झेंड्यावरच्या रानडुकराकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग एप्रनला हात पुसले आणि ती सरळ नकाशापाशी गेली.

"एक राहिलं," ती म्हणाली आणि शून्यावर बोट ठेवलं. "मी लेओकादिया. सकाळी तुम्ही माझ्यासाठी रडलात, त्याबद्दल आभारी आहे."

 हॉलमध्ये एकच गिल्ला झाला. इव्होनेतेबाईंनी तिला दगडाला घातली होती तशीच मिठी घातली. कोणी तिचे हात चुंबले, कोणी शेजारी उभं राहून फोटो काढले, ऑस्ट्रेलियावाला आपल्या बनियनकडे आणि मग तिच्याकडे बोट दाखवत राहिला. कोपऱ्यात फादर दमियान सूपमध्ये बघत बसले होते. चेस्टरनं स्वतःच्या हातानं शून्य खोडून एक लिहिलं आणि तिच्या हातात माईक दिला.

"आजीबाई, तुम्ही तर साक्षात इतिहास! सांगा, मूळपुरुषाबद्दल घरात काय ऐकलंत?"

"सांगते की. सरदार वगैरे मला माहीत नाही. पण डुक्कर बरोबर आहे," ती झेंड्याकडे हात करून म्हणाली. "तोंड तेवढं चुकलंय. एवढं शूर नसायचं ते. आपला मूळपुरुष दिसला की डुकराचं तोंड असं राहायचंच नाही. तो गावोगाव फिरून डुकरं खच्ची करायचा."

चेस्टर हसला. त्याला वाटलं, खापरपणजीच्या भाषेत या शब्दाला काही शूर अर्थ असेल.

"बुटात चाकू खोचलेला," लेओकादिया सांगू लागली, आणि तिचा आवाज हळूहळू सुटत गेला. "तोंडात शीळ. शीळ ऐकली की चार गावची डुकरं रानात पळायची. हात फार हलका, पण प्यायचा. एकदा वाड्यावरून बोलावणं आलं, जमीनदाराचे दोन घोडे होते, एक ओझ्याचा आणि एक पैदाशीचा, राजधानीतून आणलेला. आपले मूळपुरुष तर्र. त्यांनी भलत्याच घोड्यावर हात चालवला."

स्वयंपाकघराच्या दारातून खिंकाळल्यासारखा आवाज आला. ती फेलिच्या होती.

"जमीनदारानं कुत्री सोडली. म्हातारा सुटला, पण पोरांना कोणी उभं करेना. कामाला जावं तर लोक आधी गोठ्याचं दार लावून घ्यायचे. पोरी द्यायला तर कोणी तयारच होईना, बापाचा धंदा माहीत होता ना. म्हणून एक ब्राझीलला पळाला, एक अमेरिकेला. जहाज हलेपर्यंत मागून शिव्या ऐकू येत होत्या म्हणतात. हा तुमचा नकाशा आहे ना, तो त्या घोड्यानं काढलाय. आणि जो पळायला आळशी होता त्याची आम्ही नातवंडं. तुम्ही घोडा बसवणार म्हणालात तेव्हा मला भरूनच आलं. खालचं तेवढं नीट बघून कोरून घ्या, आमच्या थडग्यावर आहे, गावाला गोष्ट माहीत आहे."

ती माईक ठेवून स्वयंपाकघरात निघून गेली.

हॉलमध्ये कोणीच कोणाकडे बघेना. इव्होनेतेबाई ज्या बाकावर लेओकादियाला बसवायला सरकल्या होत्या, तिथे त्यांनी आता पर्स ठेवली. कॅनडाच्या एका दंतवैद्यानं विचारलं, या बाईंकडे काही पुरावा आहे का. दुसऱ्यानं पुस्ती जोडली, सारख्या आडनावाची माणसं एकाच कुळातली असतात असं थोडंच आहे? बुडत्याच्या हाती काहीतरी लागावं तसं चेस्टरनं ते वाक्य पकडलं. कुलमंडळाची तातडीची बैठक तिथेच, सूप निवायच्या आत भरली. बनियनवर डुक्कर असलेल्या माणसांनी हात वर करून मतं दिली आणि ठरवलं, की झाविल्च्याच्या लेओकादिया त्शेम्बावा या आदरणीय महिला असल्या तरी त्यांची शाखा वेगळी आहे, तिचा सरदार घराण्याशी संबंध नाही, आणि म्हणून त्या थडग्याचाही नाही. स्मारक देवळाच्या फाटकाशी उभं राहील. तिथे कोणाची हाडं नव्हती, त्यामुळे कोणी उलट बोलण्याचा धोका नव्हता.

छपराचा शब्द कायम राहिला. फादर दमियाननी सुटकेचा श्वास टाकला आणि आणखी सूप मागितलं. चेस्टरनं नकाशावरचा एक खोडला आणि शेजारी पुन्हा शून्य काढलं.

फेलिच्यानं ही बातमी आत आणली. लेओकादिया उकडलेल्या बटाट्यांवर शेपूची पानं भुरभुरत होती.

"सुटलीस बाई! आता तुझ्या दगडाला कोणी हात लावत नाही." मग तिनं आवाज खाली आणला. "पण लोजा, मला कधी बोलली नाहीस! तो खरंच डुकरं खच्ची करायचा?"

"मला काय ठाऊक कोण काय करायचा ते? आमच्या बापाला त्याच्या आज्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं."

फेलिच्यानं तोंडावर हात ठेवला. "अगं, पण जगभरच्या चारशे माणसांच्या कुळातून तुला काढलं की! एकही राहिला नाही आता तुला नात्याचा."

"आहे एक," लेओकादिया म्हणाली, आणि बटाट्यांचं भांडं उचलून वाढायला बाहेर गेली. "तिच्याशेजारी जागा आहे."