कौन्सिलची पाहुणी

“अगं, गुडघे कामातून गेलेत ना तुझे? मग पायरी कसली घासत बसलीयस?” मी शेजारच्या माझ्या दारातूनच ओरडले.

एनिडनं मान वर केली नाही. “आज कौन्सिलची बाई यायचीय, ग्लेनिस. दारातच घाण दिसली तर आत काय असेल असं वाटेल तिला.”

“वाटू दे की! हाल बघायलाच येतेय ना ती?”

पण ऐकेल ती एनिड कसली. ऐंशीला टेकलेली बाई, बादली घेऊन ओणवी बसली होती. तिचा नवरा क्लिफर्ड धिप्पाड गडी, जन्मभर वीटभट्टीवर राबलेला. दोन वर्षांपूर्वी झटका आला आणि उजवी बाजू गेली, वाचाही गेली. सकाळ-संध्याकाळ कौन्सिलच्या दोन मुली येऊन त्याला उचलायच्या, पुसायच्या, खुर्चीत बसवायच्या. आता कौन्सिलकडे, म्हणजे आमच्या नगरपालिकेकडे, पैसा नाही म्हणे. आधी वाचनालय गेलं, मग पोहण्याचा तलाव गेला, आणि आता घरोघर जाऊन तपासत होते की कुणाचं मदतीशिवाय भागतंय.

“नीट ऐक,” मी म्हटलं. “रड. केस पिंजारून बस. क्लिफर्डला अंथरुणातच राहू दे. नाहीतर मुली बंद होतील.”

“आणि तिला वाटलं की मला झेपत नाही, तर? उचलून वृद्धाश्रमात टाकतील त्याला. दोन बस बदलून जायचं तिकडे. आठवड्यात मरेल गं तो.” मग गुपित सांगितल्यासारखी हळूच म्हणाली, “आणि परक्या बाईसमोर रडायचं? आमच्या घरात असलं कधी झालं नाही.”

मी कपाळावर हात मारून घेतला.

कौन्सिलची बाई म्हणजे इमोजेन नावाची तरुण मुलगी निघाली. गोड होती हो, उगाच खोटं कशाला बोलू. मलाही एनिडनं बोलावलं होतं, चार कपांचा संच पुरा दिसावा म्हणून. आत गेले तर क्लिफर्ड खुर्चीत! दाढी केलेली, टाय बांधलेला, पायात पॉलिश केलेले बूट. पाहुणी आली आणि घरचा पुरुष रात्रीच्या कपड्यांत, हे एनिडच्या जिवाला मानवणारच नव्हतं. मुली यायच्या आत तिनं एकटीनं त्याला चादरीसकट ओढून बसवला होता. चहा ओतताना तिनं दुसऱ्या हातानं मनगट धरून ठेवलं.

“कसं चाललंय, मिसेस क्रॅब्ट्री?”

“छान चाललंय बाळ. तक्रार करण्यासारखं काही नाही. आमच्यापेक्षा लोकांचे किती हाल आहेत.”

“आज यांना कुणी उठवलं?”

“मीच.”

“खोटं!” मी म्हटलं. “म्हणजे आज उठवलं असेल, पण रोज जमायचं नाही तिला. रात्री पाठदुखीनं कण्हत असते. हात खांद्याच्या वर जात नाही तिचा!”

एनिड हसली. “ग्लेनिसला जरा वाढवून सांगायची सवय आहे. केक घे ना बाळ.”

तेवढ्यात क्लिफर्डनं डावा हात खुर्चीवर आपटला. एकदा, दोनदा. तोंडातून घरघर काढत तो त्या मुलीकडे बघत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“काय म्हणतायत ते?” इमोजेननं विचारलं.

“तू आलीस म्हणून आभार मानतोय,” एनिड म्हणाली आणि रुमालानं तिनं त्याचे डोळे पुसून टाकले.

पुढच्या आठवड्यात फोन आला. सगळीच घरं तुमच्यासारखी असती तर आमचं काम किती सोपं झालं असतं, असं ती मुलगी म्हणाली. मुली बंद. एनिडला त्या कौतुकाचा एक संध्याकाळभर आनंदही झाला, बघा! मला आमच्या दोन घरांमधली भिंत फोडून पलीकडे जावंसं वाटलं.

सकाळी मी जायला लागले. दोघी मिळून त्याला कसाबसा उठवायचो. कौन्सिलला फोन कर म्हणून मी रोज तिच्या मागे लागायचे. “एकदा भागतंय म्हटल्यावर आता कुठल्या तोंडानं सांगू?” हेच तिचं उत्तर. संध्याकाळी तर ती मला येऊच द्यायची नाही. “दिवसभर राबतेस, जरा टेक,” म्हणायची.

मग एका सकाळी दार उघडेना. माझ्याकडची किल्ली लावून आत गेले. पलंग आणि खुर्चीच्या मधे दोघंही जमिनीवर पडली होती. क्लिफर्ड पालथा, एनिड त्याच्याखाली अर्धी अडकलेली. तिचा पाय भलत्याच बाजूला वळला होता. क्लिफर्ड गार पडला होता.

“कधी पडलात गं?”

“काल. त्याला झोपवताना.” आवाज अगदी खोल गेला होता. “बराच वेळ धापा टाकत होता. मग थांबला.”

“अगं बये, मग भिंतीवर ठोकायचं ना! मी पलीकडेच बसले होते!”

“तुझी मालिका चालू होती. आणि मग तुझा दिवा बंद झाला. झोपलेल्या माणसाला कसं उठवायचं?”

आयुष्यात मी कुणावर इतकी चिडले नव्हते. थोबाडीत मारावीशी वाटली तिच्या, आणि तिला पोटाशी धरूनही बसावंसं वाटलं. क्लिफर्डला तिच्या अंगावरून बाजूला सारून मी फोन लावला. रुग्णवाहिका मोकळी नाही, वेळ लागेल, असं पलीकडचा माणूस म्हणाला. एनिडनं ते ऐकलं.

“घाई नाही म्हणावं. दुसऱ्या कुणाला आधी लागत असेल.”

मी तिच्यावर पांघरूण घातलं, डोक्याखाली उशी दिली. ती क्लिफर्डच्या पायांकडे बघत होती. एका पायातला मोजा निघून पडला होता.

“परकी माणसं येतील आता,” ती म्हणाली. “तेवढा मोजा घाल त्याला.”

मी त्याच्या पायाशी बसले. पाऊल ताठ झालं होतं, टाचेवरून मोजा चढेना. मी जोर लावला.

“हळू गं,” एनिड म्हणाली. “त्याला गुदगुल्या होतात.”

मी हळू घातला.