सात घोडे आणि एक राजा

टप्पा दुसरा : किल्ला

(पहिला टप्पा नागपूरचा गणेशपेठ बसस्टँड. तो भैयाजींना तोंडपाठ होता, त्यामुळे तिथं काही घडलं नाही.)

"हा बंद काऊन हाय?" कमलाबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"मले काय विचारतं? म्या बंद केला काय?"

फाटकावरच्या जवानानं मध्येच तोंड घातलं. "साल में तीन ही दिन खुलता है, माताजी. छब्बीस जनवरी, एक मई, पंद्रह अगस्त."

कमलाबाई बोटांवर सणांच्या तारखा जुळवत राहिल्या. "पन तुमी तं तान्ह्या पोळ्याले चढले होते. वरून अंबाझरीचा तलाव दिसते म्हने."

"तवा उघडा होता."

"तान्ह्या पोळ्याले?"

"अवं, जमाना येगळा होता तो. चाल. उन्हात उभी नको राहू."

भैयाजी तरातरा पुढं निघाले. सत्तावीस वर्षं त्यांनी एसटीत कंडक्टरी केली, समुद्रपूर ते नागपूर आणि परत. गाडी स्टँडात लागायची आणि वीस मिनिटांत उलटी फिरायची. तेवढ्यात कंट्रोलरची सही, एक कट चहा आणि मुतारी. मग मान हलवत प्रवासी मोजायचे, दोरी दोनदा ओढायची, डबल बेल, गाडी रवाना. बर्डी, नागपूरचा मोठा बाजार, तिथून हाकेच्या अंतरावर. पण ती त्यांनी पाहिली प्रवाशांच्या तोंडून.

घरी कमलाबाईंची सासू लकव्यानं अंथरुणाला खिळलेली. अकरा वर्षं कमलाबाईंना गल्लीबाहेर पडता आलं नाही. एकदा जेवण वाढताना त्यांनी विचारलं होतं, "बर्डी कशी हाय वो?" आपण पाहिली नाही, असं म्हणायला भैयाजींची जीभ वळली नाही. त्या दिवशी किल्ला सांगून झाला. पुढच्या फेरीला झिरो माईलच्या खांबाजवळचे दगडी घोडे. गल्लीनंही ऐकलं. समोरच्या धुरपताबाई तेवढ्या हसायच्या, "याईनं फक्त ष्टँड पाह्यला असन."

आता सासू नाही, ड्यूटी नाही, बहाणा नाही. निघताना धुरपताबाईंनी फाटकातून बजावलं होतं, "कमलाबाई, घोडे मोजून फोन करजो मले."

सात घोडे आणि एक राजा. भैयाजींनीच सांगितले होते.

टप्पा तिसरा : मेन रोड

सांगितलं होतं असं : रुंद रस्ता, दोन्हीकडं काचेची दुकानं, माणूस लडदू असला तरी बारीक दिसेल असा आरसा.

होतं असं : डोकी. डोक्यांवर मेट्रोचा पूल. खाली गाऊन, चार्जर, पट्टे, "दोनशे में दो, दोनशे में दो." कमलाबाई प्रत्येक दुकानापाशी थबकत आणि विचारत, "आरसा याच दुकानात काय?"

"पुढं."

"मघाबी पुढंच म्हनलं."

"मंग पुढंच हाय नं. मांगं कसा जाईन आरसा?"

त्या क्लिपा बघायला वाकल्या तशी भैयाजींनी संधी साधली. रुमालवाल्याजवळ सरकून, रुमालाचा पोत तपासल्यासारखं करत ते पुटपुटले, "भाऊ, झिरो माईल कोनतीकडं?"

रुमालवाल्याचा गळा सकाळपासून ओरडून तापलेला. "काकाजी, पयल्यांदा आले काय बर्डीत?" अर्ध्या रस्त्याला ऐकू गेलं.

भैयाजींनी वळून पाहिलं. कमलाबाई क्लिप केसांना लावून बघत होत्या. ऐकलं की नाही, कळायला मार्ग नव्हता.

टप्पा चौथा

हा भैयाजींनी कधी सांगितलाच नव्हता. एका बंद दुकानाच्या पायरीवर कमलाबाई बसल्या, चपला काढल्या आणि पिशवीतून डबा काढला.

"इथं? लोक पाहून राह्यले."

"पाहू द्या. मीबी त्याइलेच पाह्याले आली."

पोळी आणि वांग्याची भाजी. भैयाजी उभ्यानंच, रागारागानं जेवले.

टप्पा पाचवा : झिरो माईल

देशाचा मध्य म्हणून रोवलेला दगडी खांब. त्याच्याजवळ उधळलेले घोडे. कमलाबाई सावकाश एक फेरी फिरल्या. मग उलटी, दुसरी.

"चार हायेत."

"तीन दुरुस्तीले नेले असन."

"आन राजा?"

भैयाजींना घोड्यांचा राग आला, दगडाचा आला, धुरपताबाईंचा आला. सूर्याच्या रथाला सात घोडे म्हणून आपण सात ठोकले, आणि एवढे घोडे म्हणजे राजा हवाच. कोणत्या गाढवानं सांगितलं होतं?

"उतरला असन कुठं," कमलाबाईच म्हणाल्या. "तुमच्याच गाडीत बसून गेला असन, समुद्रपूरपावतर."

भैयाजींनी टोपी काढली, पुन्हा घातली. "कमला, म्या खरं सांगू काय, म्या कधी..."

पिशवीत फोन वाजला. कमलाबाईंनी नाव बघितलं, पदर सारखा केला आणि फोन कानाला लावला.

"हो, धुरपताबाई. पोचलो नं... किल्ला? चढलो. अंबाझरी दिसते वरून, लखलख... आरसा हाय. मी एवढीशी दिसली त्याच्यात." त्या घोड्यांकडे बघत होत्या. "मोजले. सात हायेत... हो, राजाबी हाय. फेटा हाय त्याले."

फोन पिशवीत गेला. डब्याचं झाकण त्यांनी पुन्हा एकदा घट्ट लावलं.

"काय म्हनत होते तुमी?"

"काई नाई."

"मंग तुमीबी पाहून घ्या एकदा. पुन्हा कवा येनं होते का नाई."

भैयाजी खांबाभोवती निघाले. मोजताना त्यांची मान हलत होती, गाडी सोडण्याआधी हलायची तशी. एक, दोन, तीन, चार. तीन कमी. राजा कमी. फेरी पुरी करून ते कमलाबाईंसमोर येऊन उभे राहिले.

"भरले काय सारे?"

"भरले," भैयाजी म्हणाले.

"मंग मारा डबल."

त्यांचा हात वर गेला. तिथं दोरी नव्हती. तरी तो थोडा वेळ तसाच राहिला.