ऑर्विल टॅकेटचा रविवार

पाइन फोर्कच्या बाजारपेठेत दारूचं दुकान एकच, ऑर्विल टॅकेटचं. रविवारी दारू विकायला बंदी. ती उठवायची का, यावर गावात मतदान ठरलं, तेव्हा ऑर्विल टोपी काढून थेट बॅप्टिस्ट चर्चच्या पास्टर हॅस्किन्सकडे गेला.

"पास्टर, मी तुमच्या बाजूनं आहे. बंदी राहू दे."

पास्टरांनी जरा पुढं वाकून वास घेतला. वास कॉफीचाच होता.

"तुझा तर गल्ला भरेल की रे!"

"बंदी उठून हायवेवरचं मोठं दुकान रविवारी उघडं राहिलं की मलाही उघडावं लागणार. डेल्मा आठवडाभर हॉस्पिटलात रात्रपाळी करते. मी घरात शिरतो तेव्हा ती बाहेर पडते. नवरा-बायको आहोत हे आम्हाला रविवारी कळतं. होडी काढतो, गळ टाकतो. मासा लागतोच असं नाही."

"हेच येत्या रविवारी चर्चमध्ये सांग."

इथंच अडचण होती. बॅप्टिस्टांना दारू म्हणजे पाप; ऑर्विलच्या दुकानात दोन बॅप्टिस्ट समोरासमोर आले तर एकमेकांना ओळखत नसत, आणि दुकानाबाहेर ऑर्विल कुणालाच ओळखत नसे. धंद्याचं पथ्य होतं ते. त्यामुळे तो बोलायला उभा राहिला तेव्हा समोरची सगळी डोकी एकदम प्रार्थनेच्या पुस्तकांत गेली. एवढी भक्ती पास्टरांनी पूर्वी पाहिली नव्हती.

"मंडळी, मी इथं कुणालाच ओळखत नाही," ऑर्विलनं सुरुवात केली.

डोकी वर आली. मागच्या बाकावरून कुणीतरी "आमेन" म्हणालं, अगदी मनापासून.

"बंदीनं माझं नुकसान नाही. ज्याला लागते तो शनिवारीच रविवारचीही नेतो." पास्टर खाकरले. "म्हणजे, नेत असावा. देवानं एक दिवस सुट्टी घेतली, तेवढी मलाही असू द्या."

बंदी दणक्यात कायम राहिली.

पुढच्या रविवारी सकाळी ऑर्विल आणि डेल्मा होडी गाडीला जोडत होते, तेवढ्यात चर्चचा कारभारी वेंडेल फाटकाशी हजर.

"चल ऑर्विल, टाय बांध! दारूवाल्याला उपरती झाली म्हणून शेजारच्या गावची मंडळी मुद्दाम आलीत. प्रार्थना, जेवण, मग संध्याकाळची सभा. पुढचे रविवारही पास्टरांनी लावून ठेवलेत."

"मला उपरती झालेली नाही रे बाबा."

"तेच येऊन सांग. नम्र माणूस लोकांना आवडतो. आणि डेल्मा, येताना बटाट्याचं सॅलड आण. जरा जास्तच आण."

वेंडेलची गाडी वळली तसे डेल्मानं हातातले गळ खाली ठेवले.

"दुकान उघडं असतं, तर दुपारी निदान घरी जेवायला तरी आला असतास," ती म्हणाली, आणि बटाटे सोलायला आत गेली.

ऑर्विल तिच्या मागोमाग टाय शोधायला गेला.